तुरळच्या कुंडातले बुडबुडे

नाताळच्या सुट्टीत मित्रमैत्रिणींबरोबर कोकणात निघाला असाल, तर समुद्रावर मनसोक्त खेळा, सोलकढी प्या, पण एक सकाळ गरम पाण्याच्या कुंडासाठी राखून ठेवा. सकाळच हं, दुपार नको. का ते सांगते.

डिसेंबरातल्या सकाळी कुंडावर पांढऱ्या वाफेचे लोट उठलेले असतात. पलीकडच्या काठावर कोण उभं आहे तेही धड दिसत नाही. खरी गंमत अशी, की वाफ कधी दिसतच नाही! वाफ म्हणजे पाण्याचा वायू, आणि तो हवेसारखाच अदृश्य. कुंडातून वर आलेली वाफ गार हवेत शिरली की तिचे अतिशय बारीक थेंब होतात आणि आपण बघतो ते हे थेंब. दुपारी हवा तापली की थेंब तयार होता होताच विरून जातात. कुंड तेवढंच गरम असतं, पण बघायला काही उरत नाही.

आता जायचं कुठे? जागा भरपूर आहेत. उत्तरेला पालघर जिल्ह्यातली सातिवली, तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. मग महाडजवळचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ आणि राजवाडी, आणि पार दक्षिणेला राजापूरजवळचं उन्हाळे. नकाशावर या गावांवर टिंबं काढा. कोकणाच्या लांबीने उत्तर-दक्षिण पसरलेला, सुमारे ३५० किलोमीटरचा एक पट्टा तयार होईल. ही टिंबं उगाच अशी पडलेली नाहीत, पण त्याकडे मी नंतर येते.

आम्ही काही मैत्रिणी मुलांना घेऊन तुरळला गेलो होतो. मोठी माणसं पाण्यात पाय सोडून गप्पा मारत बसली आणि मुलं काठावर पालथी पडून तळाकडे बघत राहिली. तळातल्या एका फटीतून बुडबुडे येत होते. आधी एक मोठा, मग लगेच तीन-चार बारीक, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि पुन्हा एक मोठा. सगळे त्याच फटीतून. "पाणी उकळतंय!" एक जण ओरडला. लगेच दुसरी म्हणाली, "उकळलं असतं तर मावशीचे पाय भाजले नसते का?"

बरोबर होतं तिचं. पाणी १०० अंशांना उकळतं. तुरळचा झरा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि अंघोळीच्या टाकीत येईपर्यंत पाणी आणखी निवतं. म्हणजे ते बुडबुडे उकळीचे नव्हते. मग कशाचे?

तेवढ्यात शेजारी कपडे वाळत घालणाऱ्या आजी म्हणाल्या, "खाली गंधक हाय ना, म्हणून तापतंय पाणी." हे उत्तर तुम्हाला जवळजवळ प्रत्येक कुंडावर मिळेल. गंधकाचा थोडा वास येतो हे खरं आहे. हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा तो वास, आणि आपलं नाक या वायूच्या बाबतीत इतकं तिखट असतं की हवेत त्याचा अंशभर असला तरी कळतो. पण गंधकामुळे पाणी तापत नाही. गंधकाची पूड पाण्यात टाकून ठेवली तर तापमापीचा पारा जागचा हलणार नाही. घडतं ते उलट. आधीच तापलेलं पाणी खडकांमधून फिरताना त्यांच्यातले क्षार आणि गंधकाची संयुगं बरोबर घेऊन येतं.

मग खाली ज्वालामुखी असेल? नाही, तोही नाही. सह्याद्रीचे काळे कातळ लाव्हारसाचेच आहेत, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्याची धग कधीच निवून गेली. कोकणात आज एकही ज्वालामुखी नाही, झोपलेलासुद्धा नाही.

पाणी तापतं ते खोलीमुळे. जमिनीत जसजसं खाली जावं तसतसे खडक गरम होत जातात, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. हे सगळीकडेच होतं, तुमच्या शाळेच्या मैदानाखालीही. कोकणाची खासियत म्हणजे इथला पाऊस आणि इथल्या भेगा. कोकण किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातलं बरंचसं पाणी ओढ्या-नद्यांतून समुद्राला मिळतं, पण थोडं भेगांमधून खाली झिरपत जातं, किलोमीटर-दोन किलोमीटर खोल. तिथे ते तापतं. तापलेलं पाणी हलकं होतं, शिवाय डोंगराकडून उतरणाऱ्या पाण्याचा दाब मागे असतोच. सरळ वर जाणारी एखादी भेग सापडली की ते तिच्यातून वर येतं, आणि वाटेत फार निवायच्या आत कुंडात पोचतं.

आणि भेगा का? कोट्यवधी वर्षांपूर्वी आज जिथे अरबी समुद्र आहे तिथे जमीन फाटली. सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटून दूर गेला. त्या ओढाताणीत कोकणाच्या खडकांना उत्तर-दक्षिण तडे गेले. नकाशावरची तुमची टिंबं एका पट्ट्यात पडली ती त्यामुळे.

पण थांबा, खालचे खडक तरी गरम का? ही माझी सगळ्यांत आवडती गोष्ट आहे. पृथ्वी जन्मली तेव्हाची थोडी उष्णता अजून तिच्या पोटात शिल्लक आहे. बाकीची रोज नव्याने तयार होते, अणू फुटून! कोकणातल्या बेसॉल्टच्या थरांखाली त्याहून कितीतरी जुने, ग्रॅनाइटसारखे खडक आहेत. त्यांच्यात युरेनियम, थोरियम आणि एका प्रकारचं पोटॅशियम अगदी कणभर असतं. त्यांचे अणू आपोआप फुटतात आणि प्रत्येक वेळी इवलीशी उष्णता बाहेर पडते. किती इवलीशी? ९ वॅटचा एक एलईडी दिवा लागेल एवढी ऊर्जा हवी असेल तर सुमारे ३० लाख घनमीटर ग्रॅनाइट लागेल. म्हणजे जवळजवळ १४४ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच दगड, एका दिव्यासाठी! पण खडकांचे जाड थर गोधडीसारखे असतात, आतली ऊब सहजी बाहेर जाऊ देत नाहीत. लाखो वर्षं साठत राहिली की त्या इवल्या उष्णतेचीच भट्टी होते. जपानमधल्या कामलँड या प्रयोगात शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या पोटातून येणारे न्यूट्रिनो नावाचे कण मोजले. २०११ साली त्यांनी सांगितलं, की पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी साधारण निम्मी अशी अणू फुटून तयार झालेली आहे.

आता पुन्हा बुडबुड्यांकडे वळू. त्यांच्यात बहुतेक नायट्रोजन असतो. तो आपल्याच हवेतला! पावसाच्या थेंबात हवा विरघळलेली असते. खाली गेल्यावर तिच्यातला ऑक्सिजन खडकांशी होणाऱ्या रासायनिक क्रियांमध्ये संपतो, नायट्रोजन मात्र कोणाशी फारसं बोलत नाही, म्हणून उरतो. वर येताना पाण्यावरचा दाब कमी झाला की तो बुडबुडे होऊन सुटतो.

पण त्या नायट्रोजनमध्ये आणखी एक वायू मिसळलेला असतो, तो म्हणजे हेलियम. हो, जत्रेतल्या उडत्या फुग्यांतला! साध्या हवेच्या १० लाख भागांत हेलियमचे फक्त ५ भाग असतात. कोकणातल्या झऱ्यांच्या बुडबुड्यांत तो त्याच्या कितीतरी पट जास्त सापडतो. तो आला कुठून? फुटणाऱ्या अणूंमधूनच. युरेनियमचा एक अणू टप्प्याटप्प्याने फुटत शेवटी शिसं बनतो, आणि तेवढ्या प्रवासात हेलियमचे आठ अणू मागे सोडतो. म्हणजे ज्या घटनेने पाणी तापलं, त्याच घटनेत हेलियम तयार झाला. ऊन पाणी आणि बुडबुडे एकाच फटीतून आपल्यापर्यंत पोचतात. काठावर पालथ्या पडलेल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा पाण्यात उतरायचं सोडून सगळी पुन्हा त्या फटीकडेच बघायला लागली.

हेलियमचं कोकणाशी आणखी एक नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण झालं. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून भारतात शिरली आणि आंध्रातल्या गुंटूरकडे गेली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि त्यात त्यांना ठळक रेषा दिसल्या. पुढे दोन महिन्यांनी लॉकियर यांनी इंग्लंडमधून ग्रहण नसतानाच तशा रेषा पाहिल्या. त्यातली एक पिवळी रेषा तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती! म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या नव्या मूलद्रव्याला हेलियम म्हणायला लागले. विजयदुर्ग किल्ला त्या सावलीच्या वाटेत होता, म्हणून तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात. पुढे १८९५ साली रॅमझी यांनी एका खनिजातून तोच वायू पृथ्वीवर मिळवला. खनिज कुठलं, माहीत आहे? युरेनियम असलेलंच! आपल्याकडे बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांमधून कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी हेलियम गोळाही केला आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी मात्र माझं ऐका. उन्हवऱ्याचा झरा ७० अंशांच्या आसपास आहे. एवढ्या गरम पाण्याने क्षणात चटका बसून फोड येतात, म्हणून झऱ्याच्या तोंडाशी बोट घालायचं नाही. अंघोळीच्या टाकीतही आधी मोठ्यांना पाणी बघू द्या. दहा मिनिटांनी बाहेर या, कारण गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि एकदम उठलं की चक्कर येते. बुडी मारू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. गरम गोड्या पाण्यात क्वचित एक घातक अमिबा असतो आणि तो नाकावाटेच शरीरात शिरतो. आणि साबण, शाम्पू बॅगेतच राहू द्या. कुंडाच्या कडेला हिरवट, बुळबुळीत थर दिसेल. आपल्याला सोसणार नाही अशा गरम पाण्यात आनंदाने राहणारे सूक्ष्मजीव आहेत ते. आपण पाहुणे, ते घरचे.

बरोबर एक तापमापी न्या. तापाची नको, ती ४२ अंशांपाशी संपते. प्रयोगशाळेतली ११० अंशांपर्यंतची न्या, ती लांब दोरीला बांधा आणि कुणातरी मोठ्या माणसाला ती झऱ्याच्या तोंडाशी सोडायला सांगा. आलेल्या आकड्यातून २७ वजा करा, कारण कोकणात जमिनीचं नेहमीचं तापमान साधारण तेवढं असतं. उरेल त्याला ३० ने भागा. हे पाणी निदान किती किलोमीटर खोल जाऊन आलं, त्याचा अंदाज मिळेल. तापमापीने ६० दाखवले तर उत्तर १.१ किलोमीटर येतं. वर येताना पाणी थोडं निवलेलं असतं, म्हणून खरी खोली त्याहून जास्तच. आरवलीचं पाणी तुरळपेक्षा बरंच कोमट आहे आणि दोन्ही गावं जवळजवळ आहेत. एकाच सकाळी दोन्हीकडे जा, दोन्ही गणितं करा, आणि आरवलीचं पाणी कमी खोल गेलं असेल की वाटेत गार पाणी मिसळून निवलं असेल, यावर गाडीत बसून भांडा.