फुकट तिकिटाचं बिल

'फुकट ते पौष्टिक' हा आपल्या हॉस्टेलचा अलिखित नियम. मेसमध्ये स्वीट डिश फुकट असेल तर पोट भरलेलं असलं तरी रांगेत उभं राहायचं! पण मित्रांनो, एखादी गोष्ट फुकट म्हणून घ्यायला जावं आणि काउंटरवर अठ्ठावन्न हजार रुपये मागितले जावेत, असं तुमच्यापैकी कुणाचं झालंय का? माझं झालंय. ते का झालं, ते टाळायचा फंडा काय, आणि तो फंडा मला चार दिवस उशिरा कळल्यामुळे घरात काय झालं, हे या लेखात सांगणार आहे. आपल्यापैकी निम्मे जण आज ना उद्या एमएसला, इंटर्नशिपला किंवा ऑनसाइट जाणारच. तेव्हा हे आत्ताच वाचून ठेवा.

प्रकरणाची सुरुवात

माझा मोठा भाऊ अमेरिकेत एमएस करत होता. मे महिन्यात त्याचा पदवीदान समारंभ होता. आई-बाबा सांगलीला असतात. दोघांपैकी कुणीही तोपर्यंत विमानात पाय ठेवलेला नव्हता. दादाच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते समोर दिसत असल्यामुळे "आपण फोटोच बघू" असं बाबांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

मग दिवाळीत मामा आला. मामा हिंजवडीत आयटीत आहे, वर्षातून तीन-चार वेळा परदेशी जातो. तो आईला म्हणाला, "ताई, माझे ऐंशी हजार मैल नुसते पडून आहेत. शिवाय क्रेडिट कार्डाचे पॉइंट आहेत, त्यांचेही मैल होतात. तुम्हा दोघांचं तिकीट फुकट!" आई एकदम गप्प झाली. आमची आई गप्प झाली की ती खूप खूश झालेली असते.

आता 'मैल' म्हणजे काय ते थोडक्यात. विमान कंपन्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना प्रवासाच्या बदल्यात जे गुण देतात, त्यांना मैल म्हणतात. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात 'ॲडव्हान्टेज' नावाची योजना काढली आणि मग एकेक करून सगळ्यांनी हा प्रकार उचलला. मैल साठले की त्यावर तिकीट मिळतं, त्याला 'अवॉर्ड तिकीट' म्हणतात. म्हणजे अवॉर्ड, बक्षीस! बक्षिसाला पैसे कसले?

मामाने सगळं काम 'घरातल्या इंजिनिअर'वर सोपवलं. इंजिनिअरने (म्हणजे मी) मामाच्या योजनेचं पान उघडलं. ती एका युरोपीय कंपनीची योजना होती. मुंबई-अमेरिका येण्या-जाण्याचे माणशी ८०,००० मैल. दोघांचे १,६०,०००. मामाकडे होते ८०,०००. कार्डाचे पॉइंट १,८०,००० मैलांइतके होते. मी म्हटलं, "मामा, सोपंय! त्यातले ८०,००० इकडे वळवू." मामाने ओटीपी सांगितला, मी बटण दाबलं. दोन दिवसांनी मैल जमा झाले. तारखा निवडल्या, आई-बाबांची नावं टाकली, शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: भाडे शून्य. कर व शुल्क माणशी सुमारे ५८,००० रुपये.

साधं विकत घेतलं असतं तर तेच तिकीट लाखाच्या आसपास होतं. बाबांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "याला फुकट म्हणतात होय? राहू दे."

कर वेगळा, 'वायक्यू' वेगळा

आधी मला वाटलं, सरकार एवढा कर घेतं! मग दोन रात्री जागून तिकिटाची फोड केली (सबमिशनसाठीही एवढा जागलो नव्हतो). विमानाच्या तिकिटाच्या किमतीत साधारण तीन भाग असतात:

१) मूळ भाडे. मैल वापरले की हे शून्य होतं.

२) सरकारी कर आणि विमानतळाचे आकार. उदाहरणार्थ आपल्याकडचं वापरकर्ता विकास शुल्क. हे कुणालाच चुकत नाही.

३) विमान कंपनीने स्वतः लावलेला अधिभार. तिकिटावर याचा कोड असतो 'वायक्यू' किंवा 'वायआर'. बोलीभाषेत याला 'फ्युएल सरचार्ज' म्हणजे इंधन अधिभार म्हणतात.

गंमत अशी की पैसे भरायच्या पानावर दुसरा आणि तिसरा भाग बऱ्याचदा एकत्र करून 'कर व शुल्क' या एकाच नावाखाली दाखवतात. आमच्या ५८,००० मध्ये खरे कर आणि विमानतळाचे आकार दहा-अकरा हजारांच्या आसपास होते. बाकी सगळा वायक्यू! तो सरकारकडे जात नाही, सरळ विमान कंपनीच्या खिशात जातो.

हे भूत आलं कुठून?

२००४ च्या सुमारास कच्चं तेल महाग व्हायला लागलं. तेव्हा कंपन्यांनी 'तात्पुरता' अधिभार म्हणून हा आकार लावला. ब्रिटिश एअरवेजचा लांब पल्ल्याच्या परतीच्या तिकिटावरचा अधिभार ऑगस्ट २००४ ते जानेवारी २००६ या काळात ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. पुढे उघड झालं की या काळात ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक एकमेकांशी बोलून ही वाढ ठरवत होत्या. व्हर्जिनने स्वतःच जाऊन कबुली दिली म्हणून ती सुटली. ब्रिटिश एअरवेजला २००७ मध्ये ब्रिटनमध्ये १२१.५ दशलक्ष पौंड (२०१२ मध्ये तो ५८.५ दशलक्ष झाला) आणि अमेरिकेत ३०० दशलक्ष डॉलर दंड झाला.

जुलै २००८ मध्ये तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत चढलं, तेव्हा अधिभार वाढला हे समजू शकतं. पण जानेवारी २०१६ मध्ये तेच तेल ३० डॉलरच्या खाली आलं. अधिभार गेला का? अनेक कंपन्यांनी फक्त नाव बदललं. 'इंधन' शब्द काढला आणि 'कंपनीने लावलेला आकार' असं गुळमुळीत नाव दिलं!

सगळेच असं करतात असं नाही. जपानच्या जाल आणि आना या कंपन्या सिंगापूरच्या बाजारातल्या केरोसीनच्या दोन महिन्यांच्या सरासरीवरून अधिभार ठरवतात आणि तक्ता जाहीर करतात. आपल्या भाषेत चक्क स्टेप फंक्शन! केरोसीन ठराविक किमतीच्या खाली गेलं की अधिभार शून्य. एप्रिल २०१६ पासून काही महिने तो खरोखर शून्य होता. आपल्याकडे इंडिगोने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरानुसार ३०० ते १००० रुपये इंधन आकार लावला होता आणि इंधन स्वस्त झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये काढून टाकला.

मग बाकीचे सरळ भाडंच का वाढवत नाहीत? कारण अवॉर्ड तिकिटावर भाडं शून्य असतं. भाड्यात वाढ केली तर मैलवाल्याकडून दमडी मिळणार नाही. अधिभार मात्र मैलवाल्यालाही लावता येतो. शिवाय एजंटचं कमिशन आणि मोठ्या कंपन्यांना दिलेली सूट बऱ्याचदा मूळ भाड्यावर मोजली जाते, तीही वाचते. अमेरिकेतल्या काही सभासदांनी याच मुद्द्यावर २०१२ मध्ये ब्रिटिश एअरवेजविरुद्ध दावा लावला. या अधिभाराचा इंधनाच्या खर्चाशी संबंध उरलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१८ मध्ये तो तडजोडीने मिटला.

युरेका!

दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. 'विमान कोणाचं?' एवढंच बघून चालत नाही. 'मैल कोणाचे?' हेही बघावं लागतं.

विमान कंपन्यांचे गट असतात. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. गटातल्या एका कंपनीचे मैल दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी वापरता येतात. आणि वायक्यू गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा की नाही, हे मैल देणारी योजना ठरवते. म्हणजे त्याच विमानातली तीच सीट एका योजनेतून घेतली तर पन्नास हजारांचा अधिभार, दुसऱ्या योजनेतून घेतली तर शून्य!

काही नक्की माहीत असलेली उदाहरणं देतो. युनायटेडची 'मायलेजप्लस' योजना भागीदार कंपन्यांच्या अवॉर्ड तिकिटावर हा अधिभार घेत नाही. एअर कॅनडाच्या 'एरोप्लान'ने नोव्हेंबर २०२० पासून तो बंद केला, त्याऐवजी भागीदाराच्या विमानासाठी ३९ कॅनेडियन डॉलर बुकिंग फी असते. सिंगापूर एअरलाइन्सने मार्च २०१७ पासून स्वतःच्या विमानांवरच्या अवॉर्ड तिकिटांवरून तो काढला, भागीदाराच्या विमानांवर मात्र लागू शकतो. उलट ब्रिटिश एअरवेजच्या लांब पल्ल्याच्या विमानांवर तिचेच मैल वापरा किंवा अमेरिकन एअरलाइन्सचे, अधिभार बसतोच.

आता आमचेच आकडे गोल करून एक छोटं गणित. फॉर्म्युला पाठ करा, व्हायवाला येणार नाही पण आयुष्यात येईल:

एका मैलाची किंमत = (रोख तिकीट − भरावे लागणारे पैसे) ÷ लागणारे मैल

पर्याय अ (मामाची जुनी योजना): (१,००,००० − ५८,०००) ÷ ८०,००० = साडेबावन्न पैसे.

पर्याय ब (अधिभार न घेणारी योजना): (१,००,००० − ११,०००) ÷ ९०,००० = जवळजवळ नव्व्याण्णव पैसे.

बघा, 'ब'मध्ये मैल दहा हजार जास्त लागतात, म्हणून वरवर तो महाग वाटतो. प्रत्यक्षात मैलाला जवळपास दुप्पट भाव मिळतो.

मग करायचं काय?

१) पैसे भरायच्या आधी फोड बघा. 'कर व शुल्क' वर टिचकी मारली की बऱ्याच ठिकाणी ती उघडते. नाही उघडली तर 'आयटीए मॅट्रिक्स' वापरा. एमआयटीच्या संगणकवाल्यांनी सुरू केलेल्या आणि २०११ मध्ये गूगलने घेतलेल्या कंपनीचं हे साधन आहे. त्यात तिकीट विकत मिळत नाही, पण साध्या तिकिटाची फोड वायक्यू-वायआरसकट दिसते.

२) योजना तीच ठेवून विमान बदलून बघा. एकाच योजनेत एका भागीदाराच्या विमानावर अधिभार जबरदस्त आणि दुसऱ्याच्या विमानावर नगण्य, असं सर्रास असतं.

३) जाणं-येणं वेगळं बुक करून बघा. अधिभार कुठून निघताय यावरही अवलंबून असतो. फिलिपिन्समध्ये तर सरकारी मंडळच त्याची पातळी ठरवून देतं. जाताना एका योजनेचे आणि येताना दुसऱ्या योजनेचे मैल वापरायला कुणाची बंदी नाही.

४) खऱ्या कराशी भांडू नका, पण तो ओळखा. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला 'एअर पॅसेंजर ड्यूटी' हा सरकारी कर लागतो, तो कुठल्याच योजनेत माफ नाही. पण एकाच तिकिटावर लंडनला नुसतं विमान बदललं आणि चोवीस तासांच्या आत पुढे निघालात तर लागत नाही. म्हणजे तिथे दोन दिवस हुंदडायचं असेल तर ते येताना नको, जाताना नको, असं ठरवण्याआधी हिशेब करा.

५) आणि सगळ्यात महत्त्वाचं. कार्डाचे पॉइंट मैलांमध्ये वळवणं ही शेवटची पायरी आहे. आधी सीट शिल्लक आहे का बघा, मग फोड बघा, मग फॉर्म्युला लावा, आणि मगच बटण दाबा. कारण हे पॉइंट एकदा गेले की सहसा परत येत नाहीत. थर्मोच्या भाषेत, इर्रिव्हर्सिबल प्रोसेस.

आमचं काय झालं?

पाचवा मुद्दा वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल. मामाच्या कार्डावर १,८०,००० होते. 'ब' योजनेत दोन तिकिटांना बरोब्बर १,८०,००० लागत होते. पण त्यातले ८०,००० मी आधीच 'अ'मध्ये वळवून बसलो होतो. उरले एक लाख. म्हणजे एकच तिकीट.

कार्डवाल्यांना फोन करून पाहिला, विनंती केली. "सर, ट्रान्सफर परत होत नाही." जुन्या योजनेतून दुसऱ्या भागीदाराचं विमान शोधलं, पण त्या तारखांना सीट नव्हती. मामा म्हणाला, "दाजी, वरचे अठ्ठावन्न हजार मी भरतो." बाबा ऐकेनात. "तिकीट दिलंस तेवढं पुष्कळ झालं. तिला पाठवू. ती कधी कुठे गेलीय?"

मे महिन्यात आई एकटी गेली. अकरा हजारांत, जाऊन-येऊन. विमानतळावर बाबा तिला पुन्हा पुन्हा पासपोर्ट तपासायला सांगत होते. समारंभ आम्ही दोघांनी सांगलीच्या घरी रात्री मोबाइलवर बघितला. दादाचं नाव पुकारलं तेव्हा नेमकं चित्र अडकलं. बाबा म्हणाले, "असू दे, आवाज आला." त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पण ते बटण मीच दाबलं होतं.

'अ' मधले मैल अजून मामाकडे आहेत. अधिभार कमी असलेल्या भागीदाराच्या विमानाची सीट सुटते का, ते मी दर रविवारी बघतो. दादाला नोकरी लागली आहे, म्हणजे जायला निमित्त आहे. या वेळी तिकीट बाबांचं. आणि बटण दाबायच्या आधी फोड दोनदा वाचणार!

तुम्हीही वाचा. शुभ प्रवास!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी