येतील तितक्यांचा नाच

चर्चला लागून असलेला हॉल, लाकडी जमीन, कोपऱ्यात व्हायोलिन आणि पियानो. तीस-चाळीस माणसं दोन रांगांत समोरासमोर उभी, जणू पंगत मांडली पण बसायचं राहून गेलं. इंग्लंड-अमेरिकेतल्या ‘इंग्लिश कंट्री डान्स’च्या मंडळांची संध्याकाळ साधारण अशी सुरू होते. जोडीदार घेऊन यायची गरज नसते, कारण तो दर नाचाला बदलायचाच असतो. आधी ‘कॉलर’ वाद्यांशिवाय सगळ्या हालचाली करवून घेतो आणि संगीत सुरू झालं की पुढच्या हालचालीची आगाऊ हाक देत राहतो. पाऊल म्हणाल तर बहुतेक वेळा साधं चालणंच.

खरी करामत आहे ती सरकण्यात. पहिली जोडी शेजारच्या जोडीबरोबर नाचते आणि आवर्तन संपेपर्यंत दोघींच्या जागा बदललेल्या असतात. मग पहिलीला खालची नवी जोडी भेटते, दुसरीला वरची. टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन नुसती उभी राहते आणि उलटी परत फिरते. कोणी कोणाची ओळख करून द्यावी लागत नाही, ते काम रांग करते.

हे नाच टिकले ते छापले गेले म्हणून. लंडनच्या जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने 1651 साली ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ काढलं. राजाचा शिरच्छेद होऊन दोनच वर्षं झालेली, राज्य प्युरिटनांचं, म्हणजे नाचगाण्याकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्या कर्मठांचं. तरी पुस्तक खपलं. 1728च्या सुमारास त्याची 18वी आवृत्ती निघाली. पुढे वॉल्ट्झ आणि पोल्का आले, नि हे नाच मागे पडले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्प हा संगीतशिक्षक पुस्तकावरून ते पुन्हा उभे करू लागला. 1911मध्ये त्याने संस्था काढली. त्याच्या नावाची लंडनमधली वास्तू 1930पासून उभी आहे. पण प्लेफर्डच्या सूचना म्हणजे आजीची पाककृती, मीठ अंदाजाने! ‘साइडिंग’ या हालचालीत जोडीदारांनी नेमकं काय करायचं? शार्पने तर्काने एक वळणदार वाट बसवली. पुढे पॅट शॉ या नृत्यरचनाकाराने दुसरा अर्थ लावला : पुढे येऊन खांद्याला खांदा भिडवायचा, नि मागे जायचं. आज दोन्ही प्रकार चालतात. मला यातली गंमत अशी वाटते, की शार्पचा तर्क चुकला असला तरी शंभर वर्षं नाचून ती चूकही आता परंपरा झाली आहे.

जेन ऑस्टिनच्या चाहत्यांचं तर वेगळंच. तिच्या कादंबरीवरच्या 1995च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत नायिका एलिझाबेथ आणि नायक डार्सी ज्यावर नाचतात, तो ‘मिस्टर बेव्हरिजेस मॅगट’ 1695चा, म्हणजे ऑस्टिनच्या काळातही शंभरी गाठलेला. (मॅगट म्हणजे इथे अळी नव्हे, मनाची लहर.) त्याची फर्माईश मात्र अजून थांबत नाही.

काही मंडळांत आता ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ अशी हाक न देता ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ या पक्ष्यांची नावं घेतात. कोणीही कुठल्याही बाजूला उभं राहावं. आणि संध्याकाळचा शेवटचा नाच अनेक ठिकाणी असतो वॉल्ट्झ.