एक बोईसर

पालघरला डहाणूची लोकल धरावी, मधले उमरोळी सोडावे आणि बोईसरला उतरावे, एवढाच तो प्रवास. परंतु ज्या स्वमग्न तरुणासाठी आम्ही तो आभासी वास्तवात उभा करीत होतो, त्याच्या लेखी तिकिटाची खिडकी, न थांबता धडधडत जाणारी गाडी आणि तारापूरच्या कारखान्यांची पाळी गाठण्यासाठी दारात झोंबणारी गर्दी हे तीन निरनिराळे मुलूख होते, आणि प्रत्येकाची सरहद्द ओलांडावयास त्याला निराळे धैर्य लागे.

कल्पना नवी नव्हे. 1996 साली अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन स्वमग्न मुलांना, त्या काळच्या जड शिरस्त्राणातून, आभासी रस्त्यावरच्या मोटारी ओळखावयास शिकविले होते. आमचा हेडसेट त्या मानाने हलका. तरीही पहिले दोन आठवडे त्याने तो नुसता मांडीवर घेऊन बसावे, याहून अधिक आम्ही काही मागितले नाही. या कामात पैशापेक्षा सबुरी अधिक खर्ची पडते.

मग रीतसर परवानगी काढून केलेल्या चित्रीकरणावरून फलाट रचला: आधी निर्मनुष्य, मग दोन माणसांचा, मग दहांचा. गोंगाट वैद्याच्या मात्रेप्रमाणे वाढवीत नेला. तो थांबविण्याची कळ मात्र प्रथमपासून त्याच्याच हाती ठेवली. फलाटावर तो हात फडफडवी. ती सवय यंत्राने मोडावी, ही एका सद्गृहस्थांची सूचना आम्ही दप्तरदाखल केली; हात फडफडविल्याने कोणाची गाडी चुकत नाही.

सारे सिद्ध झाले असे वाटले त्या दिवशी आभासी गाडी आली, थांबली, सुटली, आणि हा जागचा हलला नाही. "अरे, चढला का नाहीस?" असे विचारता हेडसेट न काढताच तो म्हणाला, "दादा, हिंदी राहिली. इंग्रजी राहिली." उद्घोषणा आम्ही केवळ मराठीत घातली होती, खऱ्या फलाटावर ती तिन्ही भाषांत होते, आणि तिन्ही संपल्यावाचून त्याच्या हिशेबी गाडी आलेलीच नव्हती. आमच्यापैकी एकाच्याही ध्यानी ही उणीव आली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक दृश्याची तपासणी आम्ही त्याच्या हवाली केली, आणि तिचा मेहनतानाही त्याला देऊ लागलो.

एका मंगळवारी तो खरोखर निघाला. आई शेजारच्या डब्यात होती. उमरोळी गेले, बोईसरला तो नीट उतरला, काम आटोपून पुन्हा स्थानकावर आला, आणि तिकिटाच्या खिडकीत पैसे सरकवून म्हणाला, "एक बोईसर." परतीचे दृश्य आम्ही रचलेच नव्हते.