नोकरीचा शोध आणि पडद्यावरील मोहिमा

विक्रोळी हे मुंबईच्या औद्योगिक इतिहासातील एक परिचित नाव आहे. मध्य रेल्वेच्या घाटकोपर व कांजूरमार्ग या स्थानकांच्या दरम्यान वसलेल्या या उपनगरात १९४० च्या दशकात पिरोजशा गोदरेज यांनी विस्तीर्ण जमीन खरेदी केली आणि पुढील काळात तेथे कारखान्यांची व कामगारांच्या निवासांची वसाहत उभी राहिली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागलेल्या लाखो मतपेट्या विक्रोळीतच तयार झाल्या होत्या. राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नाव धारण करणारे कन्नमवारनगर आणि शेजारचे टागोरनगर या वसाहतींत कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या.

या कुटुंबांतील आजच्या आजोबांच्या काळी नोकरीचा मार्ग अरुंद असला, तरी डोळ्यांना दिसत होता. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून प्रमाणपत्र मिळवावे, सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवावे, ओळखीच्या फोरमनला भेटावे आणि उमेदवारी करून कायम व्हावे, अशी ती वाट होती. आता लालबहादूर शास्त्री मार्गावरील अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. अर्ज मोबाईलवरून करावयाचा, चाचणी संगणकावर द्यावयाची, मुलाखत पडद्यावर व्हावयाची आणि पुष्कळदा नकाराचे पत्रही यावयाचे नाही, अशी स्थिती सुशिक्षित तरुणाच्या वाट्यास येते. अर्ज आणि उत्तर यांच्यामधील या लांबलेल्या काळात अनेक तरुण व्हिडिओ गेमकडे वळतात. त्यांतही ‘रोल-प्लेइंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कल्पनारम्य खेळांचे आकर्षण विशेष आहे. घरातील वडीलधाऱ्यांना त्यात निव्वळ आळस दिसतो. तरुणाला तो एकमेव विसावा वाटतो. या दोन्ही समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळांचे मूळ संगणकात नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. तो टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळला जाई. प्रत्येकाने योद्धा, मांत्रिक, चोर अशी एखादी भूमिका घ्यावयाची आणि सूत्रधाराने रचलेल्या कथेतून सर्वांनी मिळून वाट काढावयाची, अशी त्याची रचना होती. पुढे संगणकाने सूत्रधाराचे काम स्वीकारले. जपानमध्ये १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ साली ‘फायनल फॅन्टसी’ हे खेळ आले व हा प्रकार घरोघरी पोचला. २०२३ मध्ये गाजलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच नियमांवर आधारलेला असून त्याची मुख्य कथा पुरी करण्यास पन्नास तासांहून अधिक वेळ लागतो. ज्यांच्याकडे महागडा संगणक नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर चालणारे असे खेळही उपलब्ध आहेत. २०२० मध्ये आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

राक्षस, जादू आणि मोहिमांचे हे जग मराठी वाचकास सर्वस्वी परके वाटू नये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींनी आपल्या पूर्वजांच्या रात्री अशाच जागविल्या होत्या. संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट हाही पायरीपायरीने वर जाण्याचा आणि सापाच्या तोंडी पडून खाली येण्याचा खेळ आहे. नव्या खेळांचे वैशिष्ट्य त्यांच्या हिशेबात आहे. खेळाडू लहानशी कामगिरी पार पाडतो, त्याबद्दल त्याला अनुभवाचे गुण मिळतात, ठराविक गुण जमले की त्याची पातळी वाढते आणि वाढलेल्या बळावर तो पुढील, अधिक अवघड कामगिरी हाती घेतो. पराभव झाला तरी जपून ठेवलेल्या टप्प्यापासून पुन्हा आरंभ करता येतो. केलेल्या श्रमाचे फळ तेथे ठरलेले असते आणि ते तत्काळ दिसते.

बेकारी माणसाचे काय हिरावते?

या आकर्षणाचे कारण समजण्यासाठी ऑस्ट्रियातील एका खेड्याचा दाखला उपयुक्त ठरतो. व्हिएन्नाजवळील मारियनथाल हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. जागतिक मंदीच्या लाटेत ती गिरणी बंद पडली आणि बहुतेक कुटुंबांचे उत्पन्न थांबले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तेथे जाऊन १९३१-३२ च्या हिवाळ्यात पाहणी केली आणि १९३३ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लोकांना भरपूर मोकळा वेळ मिळाला असल्याने वाचन वाढले असेल, असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. रस्त्यावरून चालणारे पुरुष संथ पावलांनी जात आणि वरचेवर थांबत. दिवसभरात काय केले, हे त्यांना नीट सांगता येत नसे. स्त्रियांना घरकाम होते. त्यामुळे त्यांच्या दिवसाचा आकार टिकून होता.

याहोडा यांनी पुढे या निरीक्षणांवरून असे मांडले की, नोकरी केवळ पगार देत नाही. ती दिवसाला वेळापत्रक देते, कुटुंबाबाहेरील माणसांशी संबंध घडविते, अनेकांच्या समान उद्दिष्टात सहभाग देते, समाजात ओळख देते आणि नियमित कामाची सवय लावते. नोकरी नसलेला माणूस पगाराबरोबर या पाचही गोष्टी गमावतो.

मुंबईस हा अनुभव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील फार मोठ्या संख्येस पुन्हा गिरणीचे दार उघडले नाही. भोंग्यावर चालणारे गिरणगावातील दिवस एकाएकी निराकार झाले. त्या पिढीला नाक्यावरचा कट्टा आणि पत्त्यांचा डाव एवढाच आसरा होता. आजच्या तरुणाच्या हाती मोबाईल आहे.

खेळ काय देतो आणि काय देत नाही

याहोडा यांच्या पाच गोष्टींची यादी समोर ठेवून या खेळांकडे पाहिले, तर त्यांचे आकर्षण स्पष्ट होते. खेळात दररोजची कामे नेमून दिलेली असतात. म्हणजे वेळापत्रक आले. जाळ्यावरून एकत्र खेळणारे सोबती असतात. म्हणजे संबंध आले. सर्वांनी मिळून एखादा दैत्य जिंकावयाचा असतो. म्हणजे समान उद्दिष्ट आले. चाळिसाव्या पातळीचा धनुर्धर अशी ओळख असते आणि हातांना सतत उद्योग असतो. ज्याच्या वीस अर्जांना एकही उत्तर आलेले नाही, त्याला जेथे प्रत्येक कृतीचे उत्तर मिळते ते जग जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. तरुण खेळतो म्हणून त्याला कामाची आवड नाही, हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. कामात मिळावयाच्या गोष्टींची भूक त्याला असते म्हणूनच पुष्कळदा तो खेळतो.

परंतु या पाचही गोष्टी खेळाच्या सीमेपलीकडे चालत नाहीत, हे विसरून भागणार नाही. धनुर्धराची पातळी मुलाखतीत सांगता येत नाही, त्यावर घराचे भाडे भरता येत नाही आणि खेळ बंद केला की दिवस पूर्वीइतकाच रिकामा उरतो.

या विषयावर संशोधकांचेही एकमत नाही. अमेरिकेतील चार अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मत मांडले की, २१ ते ३० वर्षे वयाच्या पुरुषांच्या कामाचे तास घटण्यास सुधारलेले व्हिडिओ गेम काही अंशी कारणीभूत आहेत. काम कमी झाले म्हणून खेळ वाढला, की खेळ वाढला म्हणून काम कमी झाले, हा प्रश्न त्यावर विचारला गेलाच. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे ३९ हजार खेळाडूंची माहिती तपासली, तेव्हा खेळण्याचे तास आणि मनःस्वास्थ्य यांत फारसा संबंध आढळला नाही. आनंदासाठी खेळणे आणि खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून खेळणे यांत मात्र फरक दिसला. घड्याळापेक्षा हेतूकडे लक्ष द्यावे, असा याचा व्यवहारातील अर्थ आहे.

मर्यादा कोठे ओलांडली जाते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश केला आहे. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामे व आवडी मागे पडून खेळास अग्रस्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे. ही स्थिती सर्वसाधारणपणे १२ महिने टिकली आणि जीवनव्यवहारात गंभीर बाधा आली, तरच निदान केले जाते. संध्याकाळी दोन तास खेळणाऱ्या मुलास ‘व्यसनी’ म्हणणे त्यामुळे अयोग्य ठरते.

नोकरी शोधणाऱ्यासाठी यापेक्षा अलीकडची एक खूण आहे व ती झोपेची. कंपनीकडून येणारे दूरध्वनी बहुधा कचेरीच्या वेळेत येतात. पहाटेपर्यंत खेळून दुपारी उठणाऱ्याचे पहिले नुकसान येथेच होते. एका खोलीच्या घरात तर सकाळच्या पाळीला जाणाऱ्या वडिलांची झोपही त्या उजेडाने मोडते आणि खेळाविषयीचा वाद तेथून पेटतो.

दुसरी खूण पैशाची. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ जुगाराच्या या वर्गात मोडत नाहीत. तथापि, मोबाईलवरील अनेक खेळ फुकट मिळतात आणि त्यांतील दुर्मीळ पात्र वा शस्त्र सोडतीसारख्या पद्धतीने विकत घ्यावे लागते. प्रत्येक वेळी रक्कम लहान असते. महिन्याची बेरीज लहान राहतेच असे नाही. मिळकत नसताना अशी खरेदी करू नये, हा नियम कुटुंबाने व तरुणाने मिळून आधीच ठरवावा.

शोधाची आखणी

खेळाच्या रचनेतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे मोठी मोहीम लहान कामांत विभागलेली असते. ‘नोकरी मिळविणे’ हे आपल्या एकट्याच्या हाती नसलेले ध्येय आहे. त्यावरच दिवसाचे यश मोजले, तर रोज पराभवच पदरी पडतो. जे आपल्या हाती आहे ते मोजावे. आज किती अर्ज नीट वाचून भरले, किती परिचितांना प्रत्यक्ष भेटलो, सरावाची किती उदाहरणे सोडविली, पोलीस भरतीची तयारी असेल तर किती अंतर धावलो, याची नोंद वहीत करावी. सकाळचे तास शोधास व अभ्यासास द्यावेत, खेळ सायंकाळी खेळावा आणि झोपेची वेळ पाळावी. दिवसाचा आकार परत मिळाला की खेळ आपल्या जागी राहतो.

शासकीय सुविधांचा लाभही घ्यावयास हवा. पूर्वीच्या सेवायोजन कार्यालयांचे कार्य आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे पाहतात आणि नावनोंदणी ‘महास्वयम्’ संकेतस्थळावर करता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली कारखान्यांत व कार्यालयांत उमेदवारी करता येते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रशिक्षणार्थींसाठी बारावी उत्तीर्णांस दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले होते. अर्ज करण्यापूर्वी चालू अटी केंद्रात विचारून घ्याव्यात. मन फारच खचले असेल, तर केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

खेळाची आवड हाच व्यवसाय करावा, असा विचार काहींच्या मनात येतो. तो अशक्य नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांच्या वातावरणातील खेळ तयार करून जगभर पोचविला. परंतु असा खेळ घडविण्यास चित्रकला, गणित, संगणकाची भाषा आणि कथालेखन यांचे शिक्षण लागते. केवळ खेळण्याचा सराव पुरेसा होत नाही. नाटक पाहणे आणि नाटक बसविणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे.

कुटुंबाचे कर्तव्य

मुलगा वा मुलगी दिवसभर घरी असली की शेजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे आईवडिलांना जड जाते आणि तो राग खेळावर निघतो. मोबाईल काढून घेतल्याने रिकामा दिवस भरत नाही. बोलणे मात्र बंद होते. त्याऐवजी वडिलांनी आठवड्यातून एकदा मुलाजवळ बसून त्याची वही पाहावी, कोणत्या अर्जाचे काय झाले ते विचारावे आणि आपल्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणाकडे शब्द टाकता येईल का, याचा विचार करावा. मुलानेही खेळाची वेळ आपणहून सांगावी व ती पाळावी. मारियनथालमधील बेकारांना आपल्या दिवसाचा हिशेब नीट सांगता येत नव्हता. घरात दिवसाचा हिशेब मायेने विचारला जातो तेथे बेकारीचा काळ लांबला, तरी माणूस हातचा जात नाही आणि कामाची संधी आली की तो वेळेवर उठून तिच्यासाठी सज्ज असतो.