पायाची लाल शीर चोळू नका

भट्टीपुढे वीस वर्षे उभे राहून भजी-वडे तळणारे एक गृहस्थ मागील महिन्यात लंगडत दवाखान्यात आले. दोन्ही पायांवर निळ्या, फुगलेल्या शिरा. त्यांपैकी उजव्या पायाची एक शीर पोटरीपासून गुडघ्यापर्यंत लाल, गरम आणि सुतळीसारखी कडक झालेली. "शीर चढली म्हणून तीन दिवस गरम तेलाने चोळली," ते म्हणाले.

कातडीलगतच्या शिरेला सूज येऊन आत रक्ताची गुठळी झाली, की असे होते. सलाईन लावलेल्या हातालाही हाच त्रास होतो. सुई काढून शेक दिला, की तो बहुधा ओसरतो. यात जंतू क्वचितच असतात. मीही पूर्वी अशा पेशंटना अँटिबायोटिक लिहून देत असे. बहुतेकांचे ते पैसे वाया गेले, हे कबूल केले पाहिजे.

पायाची गुठळी मात्र मोजावी लागते, आणि ती बोटांना लागते त्याहून लांब असू शकते. म्हणून कलर डॉपलर सोनोग्राफी. ५ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल, तर चालत राहणे, बसताना पाय उंच ठेवणे व दुखणे कमी करणारे औषध सहसा पुरते. घट्ट मोजे घालण्यापूर्वी पायाची नाडी तपासून घ्यावी, विशेषतः मधुमेह्यांनी व विडी ओढणाऱ्यांनी. गुठळी त्याहून लांब असेल, तर रक्त गोठू न देणारे औषध लागते. बहुधा फोंडापॅरिनक्सचे २.५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन, रोज एक, ४५ दिवस. जांघेत ही शीर आतल्या मोठ्या शिरेला मिळते. तिथून ३ सेंटिमीटरच्या आत गुठळी पोचली, तर खोल शिरेतल्या गुठळीसारखेच पूर्ण उपचार करावे लागतात. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जीव जाऊ शकतो. पाय एकाएकी सुजला, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर रात्र काढू नये.

शिरा फुगलेल्या नसताना असा त्रास जागा बदलून पुन्हा पुन्हा झाला, तर पोटातला कॅन्सर शोधावा लागतो. फ्रान्सचे डॉक्टर त्रूसो यांनी हा संबंध १८६५ मध्ये सांगितला. पुढे स्वतःची शीर सुजल्यावर आपल्याला काय झाले आहे ते त्यांनी ओळखले आणि १८६७ मध्ये ते जठराच्या कॅन्सरने गेले.

आमच्या गृहस्थांची गुठळी मांडीच्या मध्यापर्यंत निघाली. इंजेक्शनांचा खर्च ऐकून चेहरा उतरला, पण तयार झाले. काल एकतिसावे झाले. सुतळी अजून हाताला लागते, ती विरायला वेळ घेते. भट्टीपुढे आता मुलगा उभा राहतो.