मान आणि मानकूट : पायलीपासून लिटरपर्यंत

ग्रामीण महाराष्ट्रात धान्य बहुधा तोलण्याऐवजी मापले जाई. प्रचलित कोष्टकानुसार दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. परंतु पायली सर्वत्र सारखी नव्हती; म्हणून तिचे लिटरमध्ये रूपांतर करणारा एकच गुणक नाही. घरातील जुना शेर पाण्याने काठोकाठ भरावा व ते पाणी लिटरच्या मापाने मोजावे. ते १.१ लिटर भरल्यास पायली ४.४, मण ७०.४ आणि खंडी १,४०८ लिटर होते. वजनाचा शेर, म्हणजे ८० तोळे किंवा सुमारे ९३३ ग्रॅम, यात मिसळू नये.

हा केवळ गणिताचा प्रश्न नव्हे. मजुरी धान्यात मिळे, तेव्हा माप मालकाच्या हाती असे. घेताना शीग लावली आणि देताना माप सपाट केले, एवढ्यानेच श्रमिकाची भाकरी घटे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तानुसार तथागत ज्या गोष्टींपासून अलिप्त होते, त्यांत ‘मानकूट’, म्हणजे खोटे माप, हेही आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला. या घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरीही दोहोंतून विद्यार्थ्यांनी एक बोध घ्यावा : माप कोणाच्याही हाती असो, ते सर्वांसाठी सारखेच भरले पाहिजे.