घरासाठी कर्ज : कागदपत्रांची पूर्वतयारी

बँकेकडे घरासाठी कर्ज मागावयास जाणाऱ्या गृहस्थाची बहुधा अशी समजूत असते की, बँक मुख्यतः त्याचा पगार पाहील. ही समजूत अर्धीच खरी होय. पगार पाहिला जातो. परंतु पगाराचे कागद दोन दिवसांत गोळा होतात. अर्ज अडून राहतो तो घराच्या कागदांपाशी. वीस वर्षांसाठी दिलेल्या रकमेपोटी बँकेजवळ तारण काय, तर ते घर; आणि बँकेच्या दृष्टीने घर म्हणजे त्याचे दस्तऐवज. गहाण देणारा मनुष्य खरोखर मालक आहे काय, आणि एकटाच मालक आहे काय, हा एकच प्रश्न ती निरनिराळ्या तऱ्हांनी विचारीत असते.

उत्पन्नाचे प्रकरण थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. नोकरदाराने अलीकडच्या महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा आणि कापलेल्या प्राप्तिकराचा वार्षिक दाखला (फॉर्म 16 ही त्याची ओळख नोकरदारांच्या तोंडी बसलेली आहे) जवळ ठेवावा. दुकानदार व व्यावसायिक यांच्याकडून साधारणतः दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागितली जातात. आपला पतअहवाल मात्र अर्ज करण्यापूर्वीच पाहून ठेवावा. 2017 पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा तो विनामूल्य द्यावयाचा आहे. कधीकाळी मित्रासाठी जामीन राहिल्याची, किंवा बंद केलेल्या कार्डावर शेदोनशे रुपये बाकी असल्याची नोंद त्यातच प्रथम दृष्टीस पडते.

संपूर्ण किंमत बँक कधीच देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जास किमतीच्या शेकडा 90, त्यापुढे 75 लाखांपर्यंत शेकडा 80 आणि त्याहून अधिक रकमेस शेकडा 75 ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे 40 लाखांच्या घरासाठी फार तर 32 लाख मिळतील. उरलेले 8 लाख आणि मुद्रांक व नोंदणी यांचा खर्च हा घरातूनच उभा करावयाचा, आणि तो कोठून आला याचाही पुरावा द्यावयाचा. शेकडा साडेआठ दराने हे 32 लाख 20 वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे 27,770 रुपये हप्ता पडतो; दर तोच राहिला तर एकूण भरणा 66 लाखांच्या वर जातो. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कोणी अर्जावर सही करू नये.

आता मुख्य विषय. बँकेचा वकील साधारणपणे मागील 30 वर्षांच्या मालकीची साखळी तपासतो. आजच्या मालकाने कोणाकडून घेतले, त्याला कोठून मिळाले, आणि मधली एखादी कडी तुटलेली तर नाही ना, हे तो पाहतो. त्यासाठी खरेदीखत, त्यापूर्वीची खरेदीखते, बोजा नसल्याचा दाखला, जमीन बिगरशेती केल्याचा हुकूम, बांधकामाचा परवाना, वापर-परवाना आणि घरपट्टीच्या पावत्या लागतात. नव्या इमारतीतील सदनिका असल्यास 2016 च्या स्थावर संपदा कायद्याखाली झालेल्या नोंदणीचा क्रमांकही लागतो. प्रांताप्रांताप्रमाणे कागदांची नावे बदलतात. बडोद्यास सातबारा, इंदूर-ग्वाल्हेरकडे खसरा-खतौनी, बेळगावकडे पहाणीचा उतारा, तर गोव्यात एक-चौदाचा उतारा. पण एक गोष्ट सर्वत्र सारखीच आहे. हे उतारे महसुलासाठी ठेवलेले असतात. त्यात नाव असणे उपयोगाचे खरे, पण तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. ‘उताऱ्यावर वडिलांचे नाव आहे, मग आणखी काय हवे?’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना वडिलांपर्यंत ते घर आले कसे, हे दाखविणारा दस्त शोधावा लागतो.

जुन्या घराण्यांत तो दस्त सापडतोही, पण वाचता येत नाही. गोव्यात तो पोर्तुगीज भाषेत असतो, होळकर-शिंद्यांच्या मुलखात मोडी लिपीत, हैदराबादेत उर्दूत. जाणकाराकडून त्याचे अधिकृत भाषांतर करून घ्यावे लागते आणि मोडी वाचणारे आता प्रत्येक गावी भेटत नाहीत. तेव्हा हे काम अर्जापूर्वी दोन-तीन महिने हाती घेणे बरे.

गोव्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा सर्वधर्मीयांस लागू आहे. वारसाहक्काचा त्यातील भाग पुढे 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आला. विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर पतीपत्नींची मिळकत सामाईक होते व प्रत्येकाचा हिस्सा निम्मा असतो. खरेदीखतावर नाव एकट्या पतीचे असले तरी पत्नीच्या संमतीवाचून ते घर गहाण पडत नाही. म्हणून विवाहनोंदणीचा उतारा तेथे घराच्या कागदांइतकाच महत्त्वाचा ठरतो. पिता निवर्तला असेल तर निम्मे घर आईचे राहते आणि उरलेल्यात मुलगे व मुली यांचा सारखा वाटा येतो. त्यामुळे वडिलोपार्जित घर पाडून नवे बांधू पाहणाऱ्या मुलास आई, बहिणी आणि बहिणींचे पती या सर्वांच्या सह्या लागतात. नाही तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचे काम चालवून वाटणी करून घ्यावी लागते. मुंडकाराने आपले घर रीतसर विकत घेऊन दाखला मिळविलेला नसेल, तर त्याच्या अर्जाची गाडी तेथेच थांबते. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला तो हक्क दिलेला आहे, पण तो बजावल्याचा कागद हवा. मूळचे गोव्याचे अधिवासी असणाऱ्यांच्या गोव्याबाहेरील मिळकतीच्या वारसाहक्कासही हाच कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ठरविले आहे.

गोव्याबाहेरही बहिणींचा प्रश्न टळत नाही. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच वाटा दिला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलचा संशय दूर केला. दिवाळीस माहेरी आलेल्या बहिणीपुढे ओवाळणीच्या ताटाबरोबर सहीचा कागद ठेवण्याची रीत काही घरांत आहे. ती बरी नव्हे. तिने हक्कसोडपत्र करून दिले तर तिचा वाटा संपतो. हक्क न सोडता गहाणखतावर सही केली तर तिचा वाटाही तारणात जातो. हप्ते 90 दिवस थकले की कर्ज बुडीतच्या वाटेवर गणले जाते, आणि 2002 च्या कायद्यान्वये 60 दिवसांची नोटीस देऊन बँकेस न्यायालयाच्या निकालावाचून घराचा ताबा घेता येतो. त्या घरात राहणाऱ्या वृद्ध आईचा अंगठा घेण्यापूर्वी हे तिला तिच्या भाषेत वाचून दाखविले गेले पाहिजे. इंग्रजी छापील मजकुराखाली ‘येथे सही करा’ एवढेच सांगणे, याला समजावून देणे म्हणत नाहीत.

नावांच्या घोळाने होणारा विलंब सर्वांत अधिक आणि सर्वांत अनावश्यक असतो. मराठी स्त्रीचे लग्नात आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि कित्येक घराण्यांत तांदळात लिहून स्वतःचे नावही बदलते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारपत्रावर दुसरे व खरेदीखतावर तिसरे नाव. गोव्यात एकच आडनाव पोर्तुगीज वळणाने एका कागदावर आणि इंग्रजी वळणाने दुसऱ्यावर लिहिलेले आढळते. बँकेस ही तीन निराळी माणसे वाटतात. ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र बहुधा चालते. काही ठिकाणी राजपत्रात प्रसिद्धी लागते.

मूळ खरेदीखत हरवले असेल तर पोलिसांकडे खबर, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल, या क्रमाने जावे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवरील बारीक टाइपातल्या नोटिसा बहुतेक वाचक ओलांडून जातात. पण ज्यांचा एखाद्या घरात वाटा आहे, त्यांनी त्या वाचाव्यात. हरकतीची मुदत त्यातच छापलेली असते.

कर्ज मंजूर झाले की व्याज, शुल्क व हप्ते यांचे ठळक विवरणपत्र बँकेने सहीपूर्वी द्यावयाचे असते. यानंतर बहुतेक वेळा मूळ दस्त बँकेच्या स्वाधीन करून गहाण पुरे केले जाते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ही रीत मान्य केली आहे. त्या वेळी प्रत्येक दस्ताचा क्रमांक, तारीख व पृष्ठसंख्या लिहिलेली, शिक्का असलेली पोच घ्यावी आणि सर्व दस्तांच्या नकला घरी ठेवाव्यात. वीस वर्षांनी शाखा बदललेली असते, कारकून बदललेले असतात, ही पोचच तेवढी बोलते. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ दस्त परत करून बोजाची नोंद काढली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश डिसेंबर 2023 पासून लागू आहे. बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवसास 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. कर्जदार मध्येच निवर्तला तर दस्त कायदेशीर वारसांस कसे परत मिळावयाचे, याचीही रीत बँकेने ठरवून ठेवावयाची आहे. तेव्हा ती पोच कोठे ठेवली आहे, हे घरातील आणखी एकास तरी ठाऊक असावे.